क्रूझरचा सायलेन्सर बदलल्यावर हेडचे पॅकिंग पुन्हा पुन्हा का जाते

नवा सायलेन्सर बसवल्यावर सुरुवातीला क्रूझर (बुटकी, लांबट मोटारसायकल) उत्तम चालते. त्यानंतर सकाळी थंड इंजिन सुरू करताना हेडपाशी (इंजिनच्या वरच्या भागापाशी) कोरडी तडतड ऐकू येऊ लागते, अ‍ॅक्सिलरेटर सोडल्यावर सायलेन्सरमध्ये फटाके वाजतात आणि हेडमधला धूर सायलेन्सरकडे नेणारा बेंड पाइप जिथे हेडला मिळतो तिथे काजळीचा पट्टा उमटतो. मिस्त्री त्या जोडातले पॅकिंग, म्हणजे धूर निसटू न देणारी रिंग, बदलून देतो, आवाज जातो, आणि नवे पॅकिंग पहिल्यापेक्षाही लवकर जाते. कोल्हापुरात क्रूझर चालवणाऱ्यांकडून ही तक्रार वारंवार ऐकायला मिळते, म्हणून तिचे निवारण येथे सविस्तर देत आहे. पॅकिंग एकदा गेले तर ते पॅकिंग खराब होते असे मानायला हरकत नाही. पण ते त्याच जागी पुन्हा पुन्हा जात असेल, तर पाइप ताणाखाली बसवलेला आहे असे समजून शोध सुरू करावा. मागच्या ब्रॅकेटपाशी ओढून-ताणून बसवलेला सायलेन्सर आपला सगळा हिशेब पुढे हेडच्या जोडावर चुकता करतो.

प्रथम आवाज नीट ओळखावा. हेडच्या जोडातून होणारी गळती आणि ढिल्या टॅपेटचा (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागाचा) आवाज कानाला जवळजवळ सारखाच वाटतो, आणि त्यामुळे काही गाड्यांची टॅपेट सेटिंग विनाकारण दोनदा-तीनदा होते. फरक असा की गळतीचा आवाज इंजिनवर भार आल्यावर, म्हणजे चढावर किंवा अ‍ॅक्सिलरेटर झटकन पिळल्यावर, ठळक होतो. टॅपेटचा आवाज भाराकडे फारसे लक्ष न देता इंजिनच्या फेऱ्यांबरोबर वाढतो. थंड असताना असलेली आणि इंजिन तापल्यावर नाहीशी होणारी तडतड ही बहुधा गळतीच असते, कारण धातू प्रसरण पावून फट तात्पुरती बुजवतो. ती बुजते म्हणून दुर्लक्ष करू नये. त्या फटीतून रोज सकाळी जाणारा तप्त वायू पॅकिंगची कड खात राहतो.

फटाक्यांचे कारण अनेकांना उलटे सांगितले जाते. ‘सायलेन्सर मोकळा केला की फटाके वाजणारच’ हे वाक्य अर्धवट खरे आहे. चार स्ट्रोकच्या एक सिलिंडर इंजिनातून धूर सलग धारेने बाहेर पडत नाही, ठोक्याठोक्याने पडतो. १,००० फेऱ्यांच्या आयडलिंगला मिनिटाला ५०० ठोके. प्रत्येक ठोक्यामागोमाग पाइपमध्ये क्षणभर बाहेरच्या हवेपेक्षा कमी दाब निर्माण होतो, आणि जोडात फट असेल तर त्या क्षणी बाहेरची हवा आत ओढली जाते. अ‍ॅक्सिलरेटर बंद असताना सिलिंडरमधले मिश्रण अपुरे जळते, न जळलेले पेट्रोल पाइपमध्ये येते, तिथे त्याला ताजी हवा आणि तापलेली भिंत दोन्ही मिळतात आणि फटाका वाजतो. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस ६ प्रदूषण मानकांच्या अनेक गाड्यांत एक्सॉस्टच्या (धूर बाहेर पडण्याच्या) तोंडाशी मुद्दाम ताजी हवा सोडणारा व्हॉल्व्ह असतो, त्यामुळे थोडीफार टपटप मूळ सायलेन्सरलाही होते. मूळ सायलेन्सरच्या पोटातील पडदे ती गिळतात. नव्या मोकळ्या सायलेन्सरमध्ये ती ऐकू येते. एवढ्या टपटपीसाठी काही करण्याची गरज नाही. दिवसेंदिवस वाढत जाणारे आणि हेडपाशी काजळी सोडणारे फटाके मात्र गळतीचे असतात.

जुन्या कार्ब्युरेटरच्या गाड्यांत एक वेगळी शक्यता तपासावी लागते. मोकळा सायलेन्सर लावल्यावर मिश्रणात पेट्रोल कमी पडते आणि पायलट स्क्रू व जेट (मिश्रणाचे प्रमाण ठरवणारे भाग) पूर्वीच्याच मापाचे राहिले तर फटाके गळतीशिवायही वाजतात. अशा गाडीत आधी जोड बंदिस्त आहे याची खात्री करावी आणि मगच कार्ब्युरेटरला हात लावावा, कारण गळती असताना केलेले ट्यूनिंग गळती मिटल्यावर चुकीचे ठरते. फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत गळतीचा परिणाम आणखी दूर जातो. धुरातला ऑक्सिजन मोजणाऱ्या ऑक्सिजन सेन्सरच्या अलीकडे फट असेल तर बाहेरून शिरलेला ऑक्सिजन सेन्सरला दिसतो, मिश्रणात पेट्रोल कमी आहे असा इंजिनच्या संगणकाचा समज होतो आणि तो पेट्रोल वाढवतो. अ‍ॅव्हरेज कमी झाले, प्लगवर कोरडी काजळी बसू लागली आणि त्याच वेळी हेडपाशी तडतड आहे, अशी तिन्ही लक्षणे एकत्र असतील तर इंजेक्टर साफ करण्यावर खर्च करण्यापूर्वी जोड पाहावा.

गळती शोधणे अवघड नाही. इंजिन पूर्ण थंड असताना जोडावर साबणाचे पाणी लावावे, गाडी सुरू करावी आणि हातमोजा घालून जाड ओल्या फडक्याने सायलेन्सरचे मागचे तोंड काही सेकंद अर्धवट झाकावे. फट असेल तिथे फेस उठतो आणि फुसफुस ऐकू येते. पाइप तापल्यावर साबणाचे पाणी उडून जाते, त्यामुळे हे काम पहिल्या अर्ध्या-एक मिनिटातच उरकावे लागते. हे सारे मोकळ्या अंगणात करावे; शटर ओढलेल्या गाळ्यात इंजिन चालू ठेवल्यास कार्बन मोनॉक्साइड साचतो आणि त्याला वास नसतो. फेस जोडाच्या सगळ्या परिघाभोवती येतो की एकाच बाजूला, हे मात्र नीट पाहून ठेवावे, कारण पुढचे सगळे निदान त्यावर अवलंबून आहे. चोहीकडून येत असेल तर नट ढिले आहेत किंवा पॅकिंग चुकीच्या मापाचे आहे. एकाच बाजूला, बहुधा वरच्या किंवा आतल्या अंगाला येत असेल, तर पाइप वाकडा दाबला जात आहे.

आता ताणाविषयी. क्रूझरची रचनाच अशी आहे की येथे चूक महागात पडते. बेंड पाइप पुढून खाली येतो, फूटपेगच्या खालून मागे वळतो आणि सायलेन्सर थेट मागच्या चाकापर्यंत जातो. एवढा लांब आणि जड भाग दोनच ठिकाणी पक्का धरलेला असतो: पुढे हेडवर आणि मागे ब्रॅकेटवर. मागचे छिद्र चार मिलिमीटर बाजूला असेल आणि फिटरने बोल्ट पान्याने ओढून बसवला, तर ते चार मिलिमीटर नाहीसे होत नाहीत. पाइपचा दांडा तरफेसारखा वागतो आणि तेवढा वाकडेपणा हेडच्या जोडावर पॅकिंगच्या एका कडेला उचलतो तर दुसऱ्या कडेला चिरडतो. बाजारात मिळणारे सायलेन्सर अनेकदा एकाच साच्यातून तीन-चार मॉडेलांसाठी काढलेले असतात आणि त्यांचे ब्रॅकेट ‘बसते’ या अर्थाने बसते, मापाने नाही.

यात उष्णतेची भर पडते. एक मीटर लांबीचा पाइप सरासरी ३०० अंश सेल्सिअसने तापला असे धरले, तर साध्या पोलादाचा पाइप साडेतीन मिलिमीटरच्या आसपास आणि ३०४ जातीच्या स्टेनलेसचा पाइप पाच मिलिमीटरच्या आसपास लांबतो. मूळ क्रोमचा सायलेन्सर काढून स्टेनलेसचा लावला की प्रसरण वाढते, हे फार थोडे लोक लक्षात घेतात. ही लांबी सामावून घेण्यासाठीच मागच्या ब्रॅकेटमध्ये रबरी बुश आणि त्याच्या आत लोखंडी नळी दिलेली असते; नळीवर बोल्ट आवळला जातो आणि रबर सायलेन्सरला थोडे हलू देते. नवा सायलेन्सर बसवताना बुश बसत नाही म्हणून तो फेकून देऊन त्या जागी वायसरांची चळत घालणे, हा माझ्या मते या संपूर्ण तक्रारीतला सर्वांत मोठा अपराधी आहे. रबर गेले की दर वेळी तापताना पाइप हेडला ढकलतो आणि थंड होताना ओढतो. त्यात लाँग स्ट्रोक इंजिनाचा, म्हणजे सिलिंडरच्या व्यासापेक्षा (बोअर) पिस्टनची धाव (स्ट्रोक) जास्त असलेल्या इंजिनाचा, ठोका असतो. उदाहरणार्थ, रॉयल एन्फिल्ड मीटिऑर ३५० च्या इंजिनात ७२ मिलिमीटर बोअरला ८५.८ मिलिमीटर स्ट्रोक आहे, आणि अशा इंजिनाची थरथर कमी फेऱ्यांवर पाइपपर्यंत स्पष्ट पोहोचते. या हालचालीपुढे कोणतेही पॅकिंग टिकणार नाही, मग ते तांब्याचे असो वा ग्राफाइटचे.

आपल्याकडे आणखी एक कारण रस्त्यावर मिळते. क्रूझर बुटकी असते, आणि गावोगावचे गतिरोधक कोणत्याही मापात बसत नाहीत. गाळपाच्या हंगामात उसाच्या ट्रॉल्यांनी चाकोऱ्या पाडलेल्या रस्त्यावर दोघे बसून गाडी नेली तर बेंडचा खालचा वळसा टेकतो, आणि एका चांगल्या धक्क्याने ब्रॅकेट वाकण्यास तेवढे पुरते. म्हणून आधी महिनोन्महिने ठीक चाललेली गाडी अचानक पॅकिंग खाऊ लागली, तर पाइपच्या खालच्या बाजूला ताजा ओरखडा आहे का ते पाहावे.

ताण आहे की नाही याची परीक्षा सोपी आहे आणि तिला फक्त वेळ लागतो. इंजिन थंड असताना हेडचे दोन्ही नट, मधला, बेंड आणि सायलेन्सर जोडणारा क्लॅम्प आणि मागचा बोल्ट असे सगळे पूर्ण ढिले करावे. मागचा बोल्ट बाहेर काढताना सायलेन्सर ज्या दिशेला उडी मारतो, त्या दिशेला ताण होता. त्यानंतर बेंड हाताने हेडमध्ये सरळ बसवून धरावा, सायलेन्सरखाली लाकडी ठोकळा द्यावा आणि ब्रॅकेटचे छिद्र फ्रेमच्या छिद्रासमोर येते का ते पाहावे. बोल्ट दोन बोटांनी आरपार गेला पाहिजे. त्यासाठी पाना, पहार किंवा दुसरा माणूस लागत असेल तर जोडणी चुकीची आहे, मग सायलेन्सर कितीही महागडा असो.

फट आतून-बाहेर असेल तर ती मोजून तेवढ्याच जाडीचा स्पेसर करून घ्यावा. या बाबतीत कोल्हापूरकर भाग्यवान आहेत. शिवाजी उद्यमनगरात लेथवर असा स्पेसर करून देणारे कारागीर सहज सापडतात आणि मोठमोठ्या जॉबच्या गर्दीतही एवढे लहान काम नाकारले जात नाही. छिद्र वर-खाली किंवा पुढे-मागे चुकत असेल तर स्पेसरने भागत नाही. अशा वेळी ब्रॅकेटचे छिद्र कानशीने लांबट करावे, किंवा ब्रॅकेट कापून गाडीवरच योग्य जागी टाके मारून घ्यावेत आणि सायलेन्सर उतरवून आर्गन वेल्डिंग पूर्ण करावे. गाडीवर टाके मारताना बॅटरीची निगेटिव्ह वायर काढलेली असावी आणि वेल्डिंगची अर्थ वायर सायलेन्सरलाच लावलेली असावी, अन्यथा इलेक्ट्रॉनिक भागांना धोका असतो. बेंडची हेडकडची कॉलर ठोकून वाकडी झाली असेल तर तिचा चेहरा सपाट करून घेणे हेही तिथेच होते.

पाइप उतरवण्यापूर्वी हेडच्या स्टडची (ज्यांवर नट चढतात त्या आट्यांच्या दांड्यांची) काळजी घ्यावी. हे स्टड पोलादाचे असतात आणि ते अ‍ॅल्युमिनियमच्या हेडमध्ये बसवलेले असतात. पावसाळ्यानंतर नट गंजून स्टडशी एकजीव झालेले आढळतात. जोर लावला तर नट सुटण्याऐवजी स्टड मोडतो किंवा हेडचे आटे घेऊन बाहेर येतो. आदल्या रात्री गंज सोडवणारे तेल मारून ठेवावे आणि सकाळी पुन्हा मारावे. त्यानंतर नट आधी किंचित आवळून मग सोडावा, आणि तेवढ्यानेही न हलल्यास त्याला उष्णता द्यावी. तेल वाळण्याआधी आणि पेट्रोल टाकीजवळ ज्योत नेऊ नये, हे वेगळे सांगायला नको. आटे गेले असतील तर हेलिकॉइल (तारेच्या गुंडाळीचे नवे आटे) बसवून ते पूर्ववत करता येतात. जाड स्टड ठोकून बसवण्याचा तोडगा मात्र स्वीकारू नये. नवे नट पितळी किंवा तांब्याचा मुलामा दिलेले घेतल्यास पुढच्या वेळी हा प्रसंगच येत नाही.

पॅकिंग काढताना विजेरी लावून हेडच्या खोबणीत नीट पाहावे. जुनी रिंग चपटी होऊन तळाशी अशी चिकटते की ती हेडचाच भाग वाटते, आणि तिच्यावरच नवी रिंग बसवली जाते. दोन रिंगांच्या या थरात पाइपला खोबणीत पुरेसा आधार मिळत नाही आणि तो डुलू लागतो. काही ठिकाणी मुद्दाम ‘डबल पॅकिंग’ टाकून दिले जाते. त्याने आवाज तात्पुरता बंद होतो एवढेच. जुनी रिंग टोकदार हत्याराने एका जागी आत वळवून बाहेर काढावी, खोबणी तारेच्या ब्रशने साफ करावी, आणि एकदा दाबली गेलेली रिंग दुसऱ्यांदा वापरू नये. सिलिकॉन पेस्ट तर हेडपाशी मुळीच लावू नये. ती तिथल्या तापमानाला जळते आणि साध्या सिलिकॉनची वाफ ऑक्सिजन सेन्सर निकामी करते.

बसवण्याचा क्रम ठरलेला आहे आणि तो मोडल्यास वरचे सगळे श्रम वाया जातात. सर्व भाग आधी ढिले जोडावेत: हेडचे नट बोटांनी, क्लॅम्प सैल, मागचा बोल्ट आरपार पण न आवळलेला. मग पाइप हाताने हलवून त्याला स्वतःची जागा घेऊ द्यावी. आवळायला सुरुवात हेडपासून करावी आणि दोन्ही नट आळीपाळीने, थोडे थोडे, कॉलर दोन्हीकडे सारख्या अंतरावर राहील असे घ्यावेत. एक नट पूर्ण आवळून मग दुसऱ्याकडे वळल्यास रिंग तिथेच तिरकी दबते. किती आवळावे हे गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये दिलेले असते आणि टॉर्क रेंचने (ठरावीक जोराने आवळणाऱ्या पान्याने) तेवढेच आवळावे. नटांच्या बाबतीत ‘अजून थोडे’ ही सवय अ‍ॅल्युमिनियमला मानवत नाही. हेडनंतर मधला क्लॅम्प, आणि मागचा बोल्ट सर्वांत शेवटी. बहुतेक गॅरेजमध्ये सायलेन्सर हातात धरून ठेवणे जड जाते म्हणून मागचा बोल्ट सर्वांत आधी आवळला जातो, आणि पॅकिंगचे आयुष्य त्याच क्षणी ठरून जाते. पैसे देताना नव्हे, काम सुरू होतानाच मिस्त्रींना हा क्रम नम्रपणे सांगावा.

ऑक्सिजन सेन्सर काढताना त्याची वायर पिळली जाणार नाही असे पाहावे, म्हणजे वायरचे कप्लर (जोड) आधी सोडावे. नव्या बेंडला सेन्सरची जागाच नसेल तर तो बेंड त्या गाडीसाठी नाही. सेन्सर नुसता बांधून ठेवणे किंवा त्याच्या जागी बनावट तुकडा लावणे म्हणजे इंजिनाला डोळे मिटून चालायला सांगणे आहे.

जोडणी झाल्यावर तपासणीची फेरी अशी असावी की तीत चढ आणि उतार दोन्ही येतील. पन्हाळा यासाठी सोयीचा आहे. चढताना पाइप पूर्ण तापतो आणि वाघबीळकडे उतरताना अ‍ॅक्सिलरेटर बंद ठेवून गिअरवर गाडी आणली की फटाक्यांचा निकाल लागतो. परत आल्यावर गाडी पूर्ण थंड होऊ द्यावी आणि हेडचे नट एकदा पुन्हा टॉर्कला तपासावेत, कारण नवी रिंग पहिल्या तापण्यात किंचित बसते. गरम असताना हे नट आवळू नयेत.

पावसाळ्यात एका गोष्टीने फसगत होते. पेट्रोल जळताना पाणी तयार होते, लिटरमागे साधारण लिटरभर. राजारामपुरी ते महाद्वार एवढ्याच शहरातल्या फेऱ्या करणाऱ्या गाडीचा सायलेन्सर ते उडवून लावण्याइतका तापत नाही, म्हणून सायलेन्सरच्या बुडाशी बारीक छिद्र ठेवलेले असते. त्यातून ठिबकणारे काळपट पाणी आणि येणारी किंचित फुसफुस ही गळती नव्हे. ते छिद्र बुजवल्यास सायलेन्सर आतून कुजतो.

कायद्याबद्दलही स्पष्ट असलेले बरे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार वाहनाच्या मूळ तपशिलात परवानगीशिवाय बदल करता येत नाही; कलम १८२अ(४) मध्ये अशा प्रत्येक बदलासाठी ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे; आणि आवाज व प्रदूषणाची मानके मोडल्यास कलम १९०(२) नुसार दंडाची मर्यादा १०,००० रुपयांपर्यंत जाते. कॅटालिटिक कन्व्हर्टर (धूर स्वच्छ करणारा भाग) काही गाड्यांत बेंडमध्ये आणि काहींत सायलेन्सरच्या पोटात असतो, तेव्हा बदलताना तो गाडीतून निघून जात नाही ना, हे खरेदीपूर्वीच विचारावे. गाडी वयाने जुनी असून केवळ गंजलेला सायलेन्सर बदलायचा असेल तर कंपनीचा मूळ भाग घेणे हाच माझा सल्ला आहे. त्याचे ब्रॅकेट, बुश आणि छिद्रे त्या फ्रेमच्या मापाने केलेली असतात, त्यामुळे ताणाचा प्रश्न बहुतांशी तिथेच मिटतो.

इतके करूनही, म्हणजे ताण काढून, खोबणी साफ करून, क्रमाने आवळून, रिंग पुन्हा गेली, तर दोन जागा उरतात. एक, इंजिनाचे फ्रेमशी असलेले माउंटिंग बोल्ट ढिले असणे; मग इंजिन हलते आणि सायलेन्सर जागीच राहतो. दुसरी, एक्सॉस्टच्या तोंडापाशी हेडला गेलेली बारीक चीर, जी काजळीखाली दिसत नाही. पहिली जागा पान्याने घरीच तपासता येते. दुसरीसाठी हेड उतरवून रंग सोडून चीर शोधावी लागते, आणि ते काम हेडची दुरुस्ती करणाऱ्या वर्कशॉपकडेच द्यावे.